खारट पाण्यावरचं पीक: प्रोलिन घ्यावं, बिटेन घ्यावं की अमिनोची तयार बाटली?

नागपुरात कुठल्याही कृषी केंद्रात जाऊन सांगा की विहिरीचं पाणी खारट झालंय, पानं कडेनं करपतायत, तर काउंटरवर अमिनोची (अमिनो ॲसिडच्या फवारणीच्या टॉनिकची) बाटली येतेच. पण अमिनो म्हणून तीन वेगळे माल मिळतात आणि कोणता कुठल्या पिकाला चालतो हे सहसा कोणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हे काम कसं करतं ते बघू. मातीत मीठ वाढलं की वावर ओलं असूनही मुळांना पाणी ओढता येत नाही, कारण मिठानं ते धरून ठेवलेलं असतं. वरून सोडियम आणि क्लोराईड आत शिरतात ते वेगळंच. झाड काय करतं, सोडियम पेशीतल्या मोठ्या पोकळीत ढकलून कोंडतं, पण मग बाकीच्या पेशीतलं पाणी तिकडे खेचलं जाऊ नये म्हणून इकडे काहीतरी निरुपद्रवी साठवावं लागतं. ते म्हणजे प्रोलिन आणि ग्लायसिन बिटेन. हे कितीही साठले तरी प्रथिनांचं काम बिघडत नाही, उलट पेशीचे पडदे आणि पानातली प्रकाश पकडणारी यंत्रणा ते सांभाळतात. मीठ मात्र मातीतच राहतं हो, फवारणीनं ते कमी होत नाही, फक्त पिकाची सहनशक्ती वाढते.

आता प्रोलिन आणि बिटेन समोरासमोर ठेवू. प्रोलिन हे खरं अमिनो ॲसिड, बहुतेक सगळी झाडं ताण आला की ग्लुटामेटपासून ते स्वतःच बनवतात आणि ताण सरला की मोडून नायट्रोजन म्हणून वापरतात, म्हणजे ते टिकत नाही. शुद्ध प्रोलिन महागही पडतं, आणि डोस जास्त झाला तर रोपं खुंटतात, त्यामुळे हात आखडता ठेवावा लागतो. बिटेन हे ग्लायसिनपासून बनलेलं संयुग, शुगर बीटच्या मळीतून निघतं, कोंबड्यांच्या खाद्यातही वापरतात म्हणून तुलनेनं स्वस्त. झाड त्याला फारसं मोडत नाही, फवारलेलं बिटेन पानातून कोवळ्या शेंड्याकडे जातं आणि बराच काळ तिथे राहतं. माझ्या मते एवढ्यावरच बिटेन पुढे जातं.

पण सगळ्या पिकांत नाही. कापूस, गहू, पालक ही पिकं बिटेन स्वतःच बनवतात, शिवाय कापूस मुळातच मीठ सोसणारा आहे, मातीची ईसी (विद्युत वाहकता, म्हणजे खारटपणाचं माप) ७.७ डेसीसायमन प्रति मीटरपर्यंत त्याचं उत्पन्न घटायला लागत नाही. तर पऱ्हाटीवर काहून खर्च करायचा? टोमॅटो, वांगी, धान यांना मात्र बिटेन जवळपास बनवताच येत नाही आणि टोमॅटो २.५ लाच घसरायला लागतो. बाहेरून दिल्याचा फायदा दिसायची शक्यता इथेच सगळ्यात जास्त.

घ्यायचं असेल तर एक गोष्ट नक्की बघा: बिटेन निर्जल हवं, बिटेन हायड्रोक्लोराईड नको. हायड्रोक्लोराईडमध्ये वजनाच्या सुमारे २३ टक्के क्लोराईडच असतं, म्हणजे ज्याचा त्रास आहे तेच आपण पानावर मारणार. सुरुवातीचा डोस १० मिलिमोलर धरा, म्हणजे लिटरला साधारण १.२ ग्रॅम, १५ लिटरच्या पंपाला १८ ग्रॅम. प्रयोगांमध्ये याच्या कितीतरी पट डोसही वापरलेत, पण सुरुवात इथून करावी, संध्याकाळी, स्टिकर (द्रावण पानाला चिकटवणारं औषध) घालून, आणि पानं जळायच्या आधी. दोन ओळी बिनफवारणीच्या सोडा म्हणजे फरक डोळ्यांनी दिसेल.

तिसरा माल म्हणजे तयार अमिनो मिक्स, प्रथिनं तोडून बनवलेला. सोयाबीन, मासळी, पिसं, चामड्याचा कचरा, कशापासूनही बनतो. एन्झाइमनं तोडलेला असेल तर चांगला, पण ॲसिडनं तोडून नंतर कॉस्टिक सोड्यानं न्यूट्रल केला असेल तर त्यात मीठच तयार होतं, आणि खारट वावरासाठी असली बाटली घेणं मला अजिबात पटत नाही. लेबलवर कच्चा माल कोणता, मोकळे अमिनो ॲसिड किती टक्के, हे लिहिलेलं नसेल तर सरळ परत ठेवा. २०२१ पासून हा माल खत नियंत्रण आदेशात बायोस्टिम्युलंट (पिकाची वाढ आणि सहनशक्ती वाढवणारा पदार्थ) म्हणून येतो, त्यामुळे लेबल मागायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

आणि या तिन्हींच्या आधी माती आणि पाणी तपासून घ्या, त्याला या बाटल्यांपेक्षा कमी पैसे लागतात. ईसी ४ च्या वर आणि पीएच ८.५ च्या खाली असेल तर जमीन खारी, तिला निचरा आणि गोड्या पाण्यानं धुणं लागतं. पीएच ८.५ च्या वर आणि सोडियम जास्त, पाऊस पडला की चिकट, वाळली की दगड, ती चोपण, तिला जिप्सम. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाण पट्ट्यात ज्यांची शेती आहे (नागपुरात राहून तिकडे वावर सांभाळणारे बरेच आहेत) त्यांनी जिप्सम आणि चर सोडून फवारणीवर भिस्त ठेवू नये, असं मी कळकळीनं सांगतो.

राहिला आपला संत्रा. तो फारच नाजूक, १.७ ईसीलाच उत्पन्न घटायला लागतं, आणि त्याचं मुख्य दुखणं क्लोराईड: पान टोकापासून पिवळं पडतं, मग तपकिरी होतं आणि गळतं. प्रोलिन तर संत्र्याच्या झाडात मुळातच भरपूर असतं, त्यामुळे बाहेरून प्रोलिन देण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. एप्रिल-मेमध्ये विहीर तळाला गेली की पाणी जास्त खारट होतं, तेव्हा ते पानांवर उडू देऊ नका, ड्रीपनं बुडालाच द्या. नवीन बाग लावायची असेल तर जंभेरीऐवजी रंगपूर लाईमच्या खुंटावरची (ज्या मुळाच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधतात तो खुंट) कलमं मागा, हा खुंट क्लोराईड वर चढू देत नाही. अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत पाण्याचा रिपोर्ट घेऊन जा आणि खुंटाबद्दल तिथेच विचारून मग कलमं बुक करा.