दूरस्थ दुर्बिणीचा फोकसर: क्रेफर्ड की रॅक-पिनियन?

दुर्बीण गोव्याच्या सत्तरी तालुक्यात एखाद्या गच्चीवर आणि आपण पणजीत लॅपटॉपपुढे, अशी मांडणी असेल तर घसरणारा फोकसर (कॅमेरा धरणारी नळी आत-बाहेर सरकवून प्रतिमा स्पष्ट करणारा भाग) फार छळतो. मोटर पावलं मोजत राहते, नळी मात्र जागची हलत नाही; सॉफ्टवेअरला वाटतं सगळं ठीक आहे. एफ/५ दुर्बिणीत (नाभीय अंतर भिंगाच्या किंवा आरशाच्या व्यासाच्या पाचपट) फोकसची चूक खपते ती जेमतेम ६०-७० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे हजारावे भाग.

क्रेफर्डमध्ये दाते नसतात. रोलर नळीच्या सपाट पट्टीवर दाबून केवळ घर्षणाने ती सरकवतो, म्हणून हालचाल लोण्यासारखी. पण जड कॅमेरा लावून दुर्बीण डोक्यावर वळवली की पकड सुटते. गोव्याच्या दमट हवेत दव धरलं तर आणखीच. ताणाचा स्क्रू आवळता येतो, पण अति आवळला तर मोटरच पावलं चुकवते. पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. तेल तर चुकूनही नको.

रॅक-पिनियनमध्ये दातेरी पट्टी आणि छोटं दातेरी चाक यांचे दाते एकमेकांत अडकलेले, त्यामुळे घसरण जवळपास नाहीच. दात्यांमधली ढिलाई उरते, पण नेहमी एकाच दिशेने, शक्यतो वजन उचलत, फोकसला यायला सांगितलं की ती निभते. ग्रीस मात्र खाऱ्या वाऱ्यात तपासत राहावं.

डोळ्याने बघायला क्रेफर्ड झकास. दूरवरून चालवायची असेल तर मी रॅक-पिनियनच घेईन.