चकती की एमआयसी?

रुग्णाच्या लघवीत क्लेबसिएला हा जीवाणू वाढला. आता कोणतं औषध चालेल? चकतीची पद्धत स्वस्त. म्युलर-हिंटन अगारवर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीवर, जंतू सारखे पसरायचे, वर औषधांच्या चकत्या ठेवायच्या आणि ३५ अंशांवर १६ ते १८ तास थांबायचं. सकाळी प्लेट उजेडात धरली की मेरोपेनेम या अँटिबायोटिकच्या चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ दिसतं, म्हणजे तिथे जंतू वाढले नाहीत. कधी मात्र जंतू थेट चकतीला भिडलेले असतात, म्हणजे ते औषध चालत नाही. तेव्हा पोटात गोळाच येतो. एमआयसी चाचणी महाग, पण जंतूंची वाढ रोखणारी औषधाची सर्वांत कमी मात्रा आकड्यात सांगते. रोजच्या नमुन्यांना मी चकतीच घेईन. कोलिस्टिन या अँटिबायोटिकला मात्र कधीच नाही. त्याचा मोठा रेणू अगारमध्ये नीट पसरत नाही, त्यामुळे वर्तुळ फसवतं. तिथे ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनच, म्हणजे द्रवात औषध पातळ करत एमआयसी काढायची पद्धतच, करा, खर्च वाढला तरी.