गाण्याने जाग यावी म्हणून केलेला खटाटोप: आठ महिने वापरल्यानंतर

फोनच्या अलार्मचा मला इतका वीट आला होता की दिवसा दुसऱ्या कुणाच्या फोनवर तोच टोन वाजला तरी पोटात गोळा यायचा. घरात चांगले स्पीकर धूळ खात पडलेत, तर सकाळी त्यांच्यावरच गाणं लागू दे, हळूहळू मोठं होत, एवढीच अपेक्षा होती. एका रविवारचं काम वाटलेलं. आता आठ महिने झाले, रोज वापरतेय आणि शेवटची दुरुस्ती मागच्या आठवड्यात केलीय, यावरून काय ते समजा.

सामान साधंच आहे. रास्पबेरी पाय 4 हा छोटा कॉम्प्युटर, त्याला यूएसबी डॅक (डिजिटल गाण्याचा स्पीकरला कळेल असा सिग्नल करणारी डबी) आणि पुढे ॲक्टिव्ह बुकशेल्फ स्पीकर, म्हणजे ॲम्प्लिफायर स्पीकरच्या आतच. गाणी पेनड्राइव्हवर, वाजवायला एमपीडी हा प्रोग्राम, वेळेवर सुरू करायला क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळी कमांड चालवणारी सोय. स्ट्रीमिंगने करून बघितलं होतं, पण एका सकाळी ॲपचं लॉगिन आपोआप निघालेलं आणि मी गाढ झोपेत, तेव्हापासून सकाळच्या गाण्यांसाठी इंटरनेटवर विसंबायचं नाही असं ठरवलं.

पहिल्या दिवशी काहीच वाजलं नाही. स्क्रिप्ट, म्हणजे कमांड लिहिलेली फाइल, हाताने चालवली की व्यवस्थित, क्रॉनमधून मात्र ढिम्म. हे सगळ्यांचंच होतं म्हणे: कुठला प्रोग्राम कुठे ठेवलाय ते (पाथ) क्रॉनला आपल्या टर्मिनलइतकं माहीत नसतं, त्यामुळे प्रत्येक कमांडचा पूर्ण पत्ता लिहावा लागतो. ते केलं तर पुढच्या रीस्टार्टला साउंड कार्डांचे नंबर बदलले आणि गाणं स्क्रीन जोडायच्या एचडीएमआयकडे गेलं, जिथे काहीच जोडलेलं नाही. कार्ड नंबरने नाही, नावाने द्या, विषय संपला.

खरा घोळ आवाज वाढवण्यात आहे. मी भाबडेपणाने दर काही सेकंदांनी एक टक्का वाढवत नेला. पण कानाला असं सरळ गणित कळत नाही. सिग्नल 1 टक्क्यावरून 2 वर नेला तर ती 6 डेसिबलची उडी असते, आणि 50 वरून 51 वर नेला तर पाव डेसिबलही नाही. म्हणजे सुरुवातीला धाडकन आणि नंतर पाच मिनिटं तसंच. आता डेसिबलमध्येच वाढवते, उणे 50 पासून उणे 20 पर्यंत (शून्य म्हणजे पूर्ण आवाज), दर 6 सेकंदांना अर्धा डेसिबल, एकूण 6 मिनिटं. साधारण 10 डेसिबल वाढले की आवाज दुप्पट वाटतो असं धरतात, म्हणजे यात तो तीनदा दुप्पट होतो, पण कुठे वाढला ते सांगता येत नाही. हे जमलं त्या दिवशी मी झोपायचं सोडून दुपारी चार वेळा नुसतं ऐकत बसले होते.

आणि तरीही सकाळी दचकूनच जाग यायची! दुपारी लोण्यासारखं, सकाळी मात्र सहा पस्तीसला अचानक अर्धं गाणं अंगावर. आठवडाभर स्क्रिप्टच खरडत बसले, शेवटी एका पहाटे मुद्दाम जागी राहून स्पीकरसमोर बसले तेव्हा कळलं. रात्रभर सिग्नल नसल्याने स्पीकर ऑटो स्टँडबायमध्ये जातात, छोटा दिवा लाल, आणि सिग्नल एका पातळीच्या वर गेल्याशिवाय उठतच नाहीत. माझं गाणं इतकं हळू सुरू व्हायचं की त्यांना ते ऐकूच जायचं नाही. म्हणजे मला उठवणाराच झोपलेला. मी जागी, समोर लाल दिवा, स्क्रीनवर आकडे वाढतायत आणि खोलीत शांतता, मग एकदम हिरवा आणि धडाम. काही स्पीकरना ऑटो स्टँडबाय बंद करायची सोय असते, घेण्याआधी ते नक्की बघा. माझ्यात नाही, म्हणून स्मार्ट प्लग लावला, तो 5 मिनिटं आधी वीज देतो आणि त्यामुळे स्पीकर जागे असतात.

घड्याळाचंही एक. पाय 4 वर बॅटरीवालं घड्याळ नसतं, वेळ इंटरनेटवरून येते. एका रात्री दोन तास वीज गेली, आल्यावर राउटर काही जोडला जाईना, पाय 4 ने शेवटची आठवत असलेली वेळ धरली आणि गाणं साडेसहाऐवजी साडेआठला लागलं. ऑफिसात काय झालं ते जाऊ दे. डीएस3231 नावाचं बॅटरीवालं घड्याळाचं छोटं मॉड्यूल लावलं, वर्षाला जेमतेम मिनिटभर चुकतं, ते मी पहिल्या दिवशीच लावायला हवं होतं. फोनचा अलार्म 15 मिनिटं नंतरचा अजून ठेवलेला आहे, तेवढा विश्वास नाही.

गाणी कोणती? आवडतं गाणं अजिबात लावू नका. तीन आठवड्यांत माझं एक अतिशय लाडकं गाणं कायमचं गेलं, आता सुरुवातीचे दोन सूर आले तरी पांघरुणात तोंड खुपसावंसं वाटतं. ऑस्ट्रेलियातल्या आरएमआयटी विद्यापीठाच्या लोकांनी 2020 मध्ये एक अभ्यास छापला होता, सुरेल अलार्मने उठणाऱ्यांना उठल्यावरची सुस्ती कमी वाटते असा, पण त्यात लोक 50 च आणि तेही स्वतःच सांगितलेलं, त्यामुळे मी फार भरवसा धरत नाही. माझ्यापुरतं, संथ बासरी लावली तर मी अजून गाढ झोपते. ठेका हवा, पण मिनिटभराने येणारा. आणि शफल लावणार असाल तर रिप्लेगेन (सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा करणारी सोय) चालू करा, नाहीतर एक गाणं कुजबुजतं, दुसरं बोंब मारतं.

नवऱ्याची तक्रार वेगळीच. तो म्हणतो, "अगं, गाणं वाजतंय की मला स्वप्नात ऐकू येतंय तेच कळत नाही, मग मी ऐकत पडून राहतो." स्नूझचं बटण मी लांब टेबलावर ठेवलंय, त्याने ते एकदाही दाबलेलं नाही, कारण तो उठतच नाही.

मी मात्र उठते. त्या प्लगचा रिले, म्हणजे आतला स्विच, चालू होताना टक् करतो, दोन सेकंदांनी स्पीकरचाही टक् होतो, सहा पंचवीसला, आणि गेला महिनाभर मला त्या दुसऱ्या टक् लाच जाग येतेय. मग गाणं सुरू व्हायची वाट बघत पाच मिनिटं छताकडे बघत पडलेली असते. मागच्या आठवड्यात प्लग पहाटे चारलाच चालू करून बघितला. चारला जाग आली.