वर्षाचा पास, अकरा महिने आणि तीन साहेब

गेल्या एप्रिलमध्ये आम्ही फ्लोरिडाच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डचा वर्षाचा पास काढला. पायरेट पास. हा फक्त फ्लोरिडात राहणाऱ्यांना मिळतो, पैसे महिन्याच्या हप्त्याने भरता येतात आणि सणासुदीच्या गर्दीच्या तारखा सोडल्या तर बहुतेक दिवस चालतो. घरापासून गाडीने तासाभराचं अंतर. आजवर चौतीस खेपा झाल्या. पास घ्यावा का, असं विचारणारे बरेच जण भेटतात, म्हणून एकदाचं सविस्तर लिहिते आहे. पण नुसतं पासाबद्दल लिहून माझं समाधान होणार नाही. पार्कमधल्या बदलांचं खापर ज्यांच्या डोक्यावर फुटतं आणि ज्यांच्या डोक्यावर फुटत नाही, त्या साहेबलोकांबद्दलचं माझं मत या अकरा महिन्यांत पार बदललं, तेही सांगायचं आहे.

आधी व्यवहाराचं. पासवाल्यांना बऱ्याच दिवसांसाठी आधी जागा राखून ठेवावी लागते, पण दुपारी दोननंतर गेलं तर ती अट नाही. अपवाद फक्त मॅजिक किंगडम या इथल्या चार पार्कपैकी एकाच्या शनिवार-रविवारचा. लेकीची शाळा सुटली की निघायचं, उन्हं उतरताना आत शिरायचं आणि नऊला परत, हे आमचं गणित छान बसलं. एका दिवसाचं तिकीट काढून येणाऱ्याला प्रत्येक मिनिट वसूल करावं लागतं. आम्हाला ती घाई नव्हती, आणि पासाची खरी किंमत मला तिथेच वसूल झाली.

पहिल्या आठ-दहा खेपा आम्हीही राइडच्या मागे धावलो. मग धावणं आपोआप थांबलं आणि जागा दिसायला लागली. सावली कुठे पडते, कुठल्या बाकावर वारा लागतो, कुठल्या वळणावर एका भागाचं संगीत विरून दुसऱ्याचं सुरू होतं. जूनमध्ये सासूबाई आल्या होत्या. एका दुपारी सफाईचं काम करणारा एक मुलगा बादलीत झाडू बुडवून फरशीवर पाण्याने चित्र काढत होता. चार फटकाऱ्यांत कान, दोन ठिपक्यांत डोळे. सासूबाई वाकून बघत राहिल्या. म्हणाल्या, "अगं, हा तर झाडूनं रांगोळी काढतोय." तीन-चार मिनिटांत कडेने ऊन लागून चित्र आटत गेलं, तोवर तो पुढच्या फरशीवर पोचला होता. सासूबाई राइडमध्ये बसल्या फक्त दोनदा, पण ही गोष्ट गावाकडे फोनवर त्यांनी सगळ्यांना सांगितली.

आता रांगांचं, कारण खरा जीव त्यात अडकलेला आहे. १९९९ सालापासून इथे फास्टपास होता. कागदी चिठ्ठी घ्यायची, त्यावर दिलेल्या वेळेला यायचं, थोडंसं थांबून आत शिरायचं. तिकिटापलीकडे त्याचे पैसे नव्हते. पुढे तो फोनवर आणि हातातल्या पट्ट्यावर आला, तरी फुकटच राहिला. महासाथीत मार्च २०२० मध्ये पार्क बंद झालं, जुलैत उघडलं तेव्हा फास्टपास स्थगित होता, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याच्या जागी जीनी प्लस नावाची विकतची सोय आली: माणशी दिवसाला पंधरा डॉलर. पुढे हा दरही दिवस बघून चढायला लागला. आता त्याचं नाव लायटनिंग लेन मल्टी पास आहे.

ही व्यवस्था कशी चालते ते बाहेरून कळत नाही, पण आत दोन रांगा एकत्र येतात त्या जागी उभं राहिलं की लख्ख दिसतं. तिथे एक कर्मचारी उभा असतो. विकतच्या रांगेतून तो माणसांचा मोठा घोळका सोडतो, मग हात आडवा करून साध्या रांगेतली दोन-तीन कुटुंबं सोडतो, की पुन्हा विकतचा घोळका. साध्या रांगेची गती त्या आडव्या हातावर ठरते. फास्टपासच्या काळातही असंच होतं. फरक इतकाच की तेव्हा त्या रांगेत शिरायला पैसे पडत नव्हते.

मी पास काढला तेव्हा माझ्या डोक्यात याचा हिशेब पक्का होता. बॉब चेपेक वाईट, बॉब आयगर चांगले. चेपेक फेब्रुवारी २०२० मध्ये कंपनीच्या सर्वोच्च पदावर आले, त्यांच्या काळात फुकटचं विकतचं झालं, नोव्हेंबर २०२२ मध्ये संचालक मंडळाने त्यांना काढून आधीचे प्रमुख आयगर यांना परत बोलावलं आणि लोकांनी आनंद केला. इथल्या नेहमीच्या मंडळींशी बोललात तर आजही हेच ऐकू येईल. खाण्याचा भाग लहान मिळाला तरी चेपेक, रंग उडालेला दिसला तरी चेपेक.

पण हळूहळू मी तारखा लावून बघायला लागले आणि माझा हिशेब चुकायला लागला. खाण्याचे भाग कमी केले तर काहींच्या कंबरेला बरंच होईल, अशा अर्थाचं जे विधान चेपेक यांच्या नावावर खपतं, ते २०२१ मध्ये त्यांच्या वित्तप्रमुख क्रिस्टीन मॅकार्थी यांनी केलं होतं. स्टार वॉर्सचा जो भाग बघायला आज लोक मुद्दाम येतात, तो २०१९ मध्ये उघडला तेव्हा पार्क विभागाचे प्रमुख चेपेक होते. आणि जीनी प्लस आलं त्या दिवशी पार्क विभाग कोणाच्या हाताखाली होता? जॉश डमारो यांच्या. मे २०२० पासून ते त्या खुर्चीवर होते. सप्टेंबर २०२० मध्ये अठ्ठावीस हजार लोकांना कमी करत असल्याचं कर्मचाऱ्यांना कळवणारं पत्रही त्यांच्याच सहीचं होतं.

डमारो लोकांमध्ये मात्र लाडके. पार्कमध्ये पायी फिरतात, लोक थांबवतात, ते थांबून फोटो काढू देतात. चेपेक यांना ते जमलं नाही. मला यात डमारोंचा दोष दिसत नाही, माणसांत मिसळणं हा चांगलाच गुण आहे. पण एकाच निर्णयाचं माप एकाच्या पदरात पडतं आणि दुसऱ्याला त्याचा शिंतोडाही लागत नाही, हे मी इतकी वर्षं पाहिलंच नव्हतं.

याची मुळं फार जुनी आहेत. वॉल्ट डिस्ने यांनी १९५४ मध्ये एबीसी वाहिनीवर कार्यक्रम सुरू केला तो कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड उभारायला पैसा हवा म्हणून, आणि सूत्रसंचालन स्वतः केलं. तेव्हापासून प्रेक्षकांसाठी पार्क म्हणजे तो चेहरा झाला. पुढे कंपनीचे प्रमुख झालेले मायकल आइझनर यांनीही ऐंशीच्या दशकात तसाच पडद्यावर येऊन कार्यक्रम सादर केला. २००४ मध्ये भागधारकांच्या सभेत त्यांच्या फेरनिवडीला सुमारे त्रेचाळीस टक्के मतांनी पाठिंबा नाकारला, तेव्हा तोच चेहरा त्यांना महागात पडला. लोक कंपनीचा ताळेबंद वाचत नाहीत, तोंड बघतात. मीही तेच करत होते.

आयगर परत आल्यावर जानेवारी २०२३ मध्ये डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांचं रात्रीचं पार्किंग पुन्हा मोफत झालं आणि पासवाल्यांची दुपारी दोननंतरची सवलत जाहीर झाली. ही सवलत मी बहुतेक आठवड्यांत वापरते, तेव्हा त्यांचे आभार मानायलाच हवेत. त्याच वर्षी मार्चमध्ये, नफा वाढवण्याच्या भरात आपण काही दरांबाबत जरा अतीच केलं असावं, असं त्यांनी जाहीरपणे मान्य केलं. हेही थोडं नाही. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये, त्यांच्याच कारकिर्दीत, विकतच्या रांगेचा आणखी महागडा प्रकार, लायटनिंग लेन प्रीमियर पास, आला. मॅजिक किंगडमला त्याचा सुरुवातीचा दर ३२९ ते ४४९ डॉलर होता. माणशी, एका दिवसाचा, प्रवेशाचं तिकीट वेगळं. चेपेक यांच्या काळात हे आलं असतं तर किती गहजब झाला असता, याचा विचार मी पार्किंगमधून चालत येताना अनेकदा केला आहे.

एक शब्द मात्र मला अजून बोचतो. २०२२ च्या तिमाही निकालांत कॅलिफोर्नियाच्या पार्कबद्दल लिहिताना, येणाऱ्या लोकांचं मिश्रण प्रतिकूल आहे, असा उल्लेख होता. अर्थ सरळ होता: वारंवार येणारे पासवाले कमी खर्च करतात. नेहमीच्या लोकांनी तो शब्द टी-शर्टवर छापून मिरवला. मी मिरवला नसता. माझी लेक इथल्या आगगाडीची शिट्टी ओळखते, सफाईवाल्या काकांना नावाने हाक मारते. तिला प्रतिकूल म्हणणाऱ्याने एकदा तिच्यासोबत दुपार घालवावी, असं मला मनापासून वाटतं.

नदीबद्दल लिहायचं मी टाळत होते. मॅजिक किंगडम १ ऑक्टोबर १९७१ ला उघडलं तेव्हापासून तिथे एक नदी होती, मधे एक बेट, आणि १९७३ पासून नदीत एक बोट, जिला पुढे लिबर्टी बेल नाव मिळालं. चाकाची, खऱ्या वाफेवर चालणारी. पंधरा-सतरा मिनिटांची संथ फेरी. ६ जुलै २०२५ ही शेवटची तारीख ठरली. जूनच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही सासूबाईंना घेऊन वरच्या मजल्यावर बसलो. लाकडी कठडा उन्हाने तापलेला, त्यावरच्या रंगाचे थर इतके जाड की कोपरे गोल झालेले. भोंगा वाजला तशी लेकीने कानांवर हात ठेवले आणि लगेच काढले, कारण तिला तो ऐकायचाच होता. शेजारी एक म्हातारे गृहस्थ टोपी मांडीवर ठेवून बसले होते, सबंध फेरीत कोणाशी बोलले नाहीत. उतरताना त्यांनी कठड्यावर दोनदा थाप मारली, गाईच्या पाठीवर मारतात तशी.

त्या जागी बोलक्या गाड्यांच्या चित्रपटमालिकेवरचा विभाग होतो आहे आणि पलीकडे खलनायकांची वसाहत. पार्क विभागावर दहा वर्षांत साठ अब्ज डॉलर घालण्याचं कंपनीने २०२३ मध्ये जाहीर केलं होतं, आणि मे २०२५ मध्ये शेजारी युनिव्हर्सल या स्पर्धक कंपनीचं एपिक युनिव्हर्स हे नवं पार्क उघडलं. स्पर्धा आहे, नवं काही बांधावंच लागणार. डिस्नेलँड कधीच पूर्ण होणार नाही, हे वॉल्ट डिस्नेच सांगून गेले. मला बदलाचं वावडं नाही. पण शांत बसून काहीच न करण्याची मोठी जागा गेली, आणि तिची भरपाई कुठल्याही राइडने होणार नाही, हे माझं ठाम मत आहे. मॅजिक किंगडमला आमच्या खेपा त्यानंतर कमी झाल्या. संध्याकाळी आता आम्ही एपकॉट या इथल्याच दुसऱ्या पार्कच्या तळ्याकाठी जातो.

फेब्रुवारी २०२६ मध्ये संचालक मंडळाने कंपनीच्या सर्वोच्च पदासाठी डमारो यांची निवड जाहीर केली आणि १८ मार्चला त्यांनी आयगर यांच्याकडून सूत्रं घेतली. चेपेक यांच्यासारखेच तेही पार्क विभागातून वर आले आहेत. लोक खूश आहेत, मीही आहे, कारण या माणसाला रांगेचा अनुभव आहे. फक्त या वेळी मी त्यांचे फोटो बघून मत बनवणार नाही. नव्या विभागात सावलीचे बाक किती, विकत न घेणाऱ्याची रांग किती वेळ चालते आणि सफाईवाल्या मुलाला झाडूने चित्र काढायला दोन मिनिटं मिळतात का, हे मी बघणार आहे.

पास घ्यावा का? जवळ राहत असाल आणि महिन्यातून दोनदा तरी जमणार असेल तर जरूर घ्या. वर्षातून दोन-तीनदाच येणं होणार असेल तर नको, साधं तिकीट बरं. आमचा पास एप्रिलमध्ये संपतो. पुन्हा पायरेटच घेणार आहोत. सासूबाई दिवाळीनंतर येणार आहेत. पहिल्या दिवशी कुठे जायचं ते त्यांनी आत्ताच सांगून ठेवलंय: त्या रांगोळीवाल्या मुलाकडे.