मॅक्रोने तयार होणाऱ्या एक्सेल फाइली आणि त्यांचे सुरक्षा-इशारे : काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या गृहनिर्माण संस्थेची देखभाल शुल्काची बिले एक्सेलमधील एक मॅक्रो (ठरावीक कामे आपोआप करणारा छोटा प्रोग्राम) तयार करतो. मुख्य फाइलमधील सभासदांची यादी वाचून तो प्रत्येक सदनिकेची वेगळी फाइल बनवतो आणि ती ईमेलने पाठवली जाते. एक्सेल २००३ च्या काळात लिहिलेला हा मॅक्रो माझ्याकडे आला तेव्हा त्याची आकडेमोड चोख होती, पण फाइल उघडताच येणाऱ्या इशाऱ्यांमुळे सभासद, विशेषतः ज्येष्ठ मंडळी, धास्तावत. काही महिने हे काम सांभाळल्यावर माझे मत असे झाले आहे की, यांतील बहुतेक इशाऱ्यांचे मूळ फाइल बनवण्याच्या पद्धतीत असते, आणि उघडणाऱ्याला ‘सेटिंग बदला’ असे सांगणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

फाइलचे स्वरूप आणि नावाचे एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटचा, स्वरूप सांगणारा भाग) जुळत नाही, ही सूचना सर्वांत आधी सुटली. नव्या फाइलला ‘एक्सएलएस’ असे नाव देऊन ‘सेव्हअ‍ॅज’ केले, पण स्वरूप सांगितले नाही, तर एक्सेल २००७ पासून आतला मजकूर नव्या स्वरूपात आणि नाव मात्र जुन्या, अशी विसंगती निर्माण होते. मॅक्रोत ‘फाइलफॉरमॅट’, म्हणजे स्वरूपाचा क्रमांक, स्पष्ट लिहिल्यावर हा इशारा बंद झाला : मॅक्रोविरहित फाइलसाठी ५१, मॅक्रोसहित फाइलसाठी ५२, जुन्या स्वरूपासाठी ५६.

दुसरा इशारा मॅक्रोंचा होता. बिलात तर मॅक्रो असण्याचे कारणच नव्हते. परंतु शीट कॉपी केली की तिच्यामागे लिहिलेला कोडही नव्या फाइलमध्ये जातो. ५१ हे स्वरूप तो गाळून टाकते, मात्र तसे करण्यापूर्वी विचारते. ‘डिस्प्लेअलर्ट्स’ (एक्सेलच्या सूचना दाखवणारी सोय) बंद ठेवून ती विचारणा टाळता येते, पण मग जुनी फाइल पुसली जात असल्याची सूचनाही गप्प होते. म्हणून फाइलच्या नावात महिना असणे आवश्यक आहे.

सर्वांत चिवट ठरल्या त्या लिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे जाणारे संदर्भ. बिलातील सूत्रे दरांच्या शीटकडे बोट दाखवत होती, आणि शीट वेगळी होताच तीच सूत्रे मुख्य फाइलच्या संपूर्ण पत्त्यासह सभासदाकडे पोहोचत होती. बाह्य स्रोत असुरक्षित असू शकतो, हा एक्सेलचा इशारा इथे रास्तच म्हणावा लागेल, कारण माझ्या संगणकावरील फोल्डरची नावे साऱ्या इमारतीला कळण्याचे काही प्रयोजन नव्हते. सूत्रांच्या जागी केवळ मूल्ये चिकटवल्यावर बहुतेक लिंक गेल्या, तरीही काही फाइली तक्रार करीतच राहिल्या. लिंक तोडणाऱ्या ‘ब्रेकलिंक’ आज्ञेनेही त्या सुटल्या नाहीत, शेवटी ‘नेम मॅनेजर’मधील (सेलना दिलेल्या नावांच्या यादीतील) जुनी नावे आणि डेटा व्हॅलिडेशनच्या, म्हणजे सेलमध्ये काय भरता येईल ते ठरवणाऱ्या, याद्या तपासल्या, तेव्हा उरलेले संदर्भ तिथे सापडले.

खजिनदारांना ईमेलने पाठवलेल्या मुख्य फाइलवर येणारी लाल पट्टी हा निराळा विषय आहे. इंटरनेटवरून आलेल्या फाइलवर विंडोज तशी खूण ठेवते, आणि २०२२ पासून ऑफिस अशा फाइलमधील मॅक्रो मुळातच रोखू लागले. पाठवणाऱ्याची खात्री असल्यास फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘अनब्लॉक’वर खूण करणे पुरेसे असते. सर्व मॅक्रो सरसकट चालू करणे किंवा डाउनलोड्स फोल्डरलाच विश्वासू स्थान (जिथल्या फाइलींतील मॅक्रो न अडवता चालतात असे) ठरवणे म्हणजे कुलूप नीट लागत नाही म्हणून दारच काढून ठेवणे होय. ‘सेल्फसर्ट’ या ऑफिसच्या साधनाने आपणच बनवलेल्या, मॅक्रोवर सही करण्याच्या प्रमाणपत्राचाही इथे फारसा उपयोग नाही, कारण दुसऱ्या संगणकावर त्याला आपोआप मान्यता मिळत नाही.

एवढे सगळे केल्यावरही ईमेलमधून उघडलेल्या निर्दोष फाइलवर ‘प्रोटेक्टेड व्ह्यू’ची (फाइल केवळ वाचण्यापुरती उघडल्याची) पिवळी पट्टी येतेच, आणि ती घालवण्याचा प्रयत्न मी सोडून दिला आहे. ज्यांना बिल केवळ वाचायचे आहे, त्यांना मॅक्रो आता ‘एक्स्पोर्टअ‍ॅजफिक्स्डफॉरमॅट’ वापरून पीडीएफ पाठवतो; एक्सेलची फाइल फक्त हिशेब तपासनिसाकडे जाते.