गुरखा: लॉक दोन आहेत, पण जपून

पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखा या फोर-बाय-फोर गाडीचं खरं बळ पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरेन्शियल लॉकमध्ये आहे; लॉक लावला की त्या ॲक्सलवरची डावी-उजवी चाकं एकाच वेगाने फिरतात. चिखलात आधी फोर-लो (चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर), मग मागचा लॉक. पुढचा अगदीच अडलं तर, कारण तो लागला की स्टिअरिंग जड होतं. डांबरीवर लॉक तसाच राहिला तर वळताना ॲक्सलवर ताण येतो.

कंपनी ७०० मिमी पाण्यापर्यंत मुभा देते. ती सावकाश, एका वेगाने जाण्यासाठी. स्नॉर्केल (इंजिनला उंचावरून हवा देणारी नळी) लावलं म्हणजे होडी झाली नाही! पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. ओढा ओलांडल्यावर ॲक्सलचं तेल बघा: दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, लगेच बदला. टपावर ओझं मात्र कमीच ठेवा, उंच गाडी आडव्या उतारावर कलंडते.