वाइन चाखायचे एकसारखे ग्लास: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

दिवाळीच्या आधी आम्ही वाइन चाखायचे सहा ग्लास घेतले. या ग्लासची घडण ठरलेली असते. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं ३५९१ क्रमांकाचं त्याचं प्रमाण १९७७ सालचं आहे: उंची १५५ मिलिमीटर, पोट ६५, तोंड ४६, आणि काठोकाठ भरला तर साधारण २१५ मिलिलिटर मावतात. दिसायला अगदी साधे, कुणाला भेट द्यावेत असं त्यांच्यात काही नाही. पण मित्रमंडळी जेवायला बोलावून दोन वाइन शेजारी ठेवायच्या आणि त्यांच्यातला फरक खरोखर ओळखायचा असेल, तर पहिला खर्च या ग्लासवर करा, महाग बाटलीवर नंतर. कधी पुण्यात आमच्याकडे कोथरूडला, कधी बाणेरच्या मित्राकडे, असे महिनोन्‌महिने ते वापरल्यावर हे लिहिते आहे.

ग्लासचा फायदा काय? ५० मिलिलिटर ओतली की वाइन बरोबर सगळ्यात रुंद भागाशी येते. हलकेच फिरवली की वास सुटतो आणि वरचं तोंड निमुळतं असल्याने आतच राहतो. एकाच्या हातात मोठा गोल ग्लास, दुसऱ्याच्या हातात पाण्याचा पेला असेल तर एकच वाइन दोघांना वेगळी लागते, आणि मग वाद वाइनचा न राहता ग्लासचा होतो. हिशेबही सोपा आहे. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत ५०चे पंधरा घोट बसतात. सहा जणांना दोनदा ओतली तरी थोडी उरते, आणि कुणाच्या पोटात फार जात नाही. बाणेरहून येणारे टॅक्सीनेच येतात-जातात, तो नियम आम्ही सुरुवातीलाच केला.

मात्र सहाचा एक डबा सहा जणांना पुरत नाही, हे घेण्याआधी लक्षात घ्या. तुलना करायची तर प्रत्येकासमोर एकाच वेळी दोन ग्लास हवेत. आम्ही नंतर दुसरा डबा घेतला. एकदम पाच-सहा बाटल्या उघडण्यात मला अर्थ वाटत नाही. तिसरीनंतर जीभ थकते आणि प्रत्येक जण आपलं मत लिहितो त्या चिठ्ठीवर सगळीकडे ‘बरी’ एवढंच उमटतं. दोन वाइन समोरासमोर ठेवल्या की मात्र कालपर्यंत वाइनला हात न लावलेला माणूसही नेमकं बोलतो: ही जास्त तुरट आहे, ही गिळल्यावर लवकर संपते.

कोणती वाइन आहे ते कळू नये म्हणून बाटल्या झाकायला जुन्या सुती साडीच्या पिशव्या शिवून घेतल्या. तरीही बाटलीच्या खांद्यावरून आणि झाकणावरून अंदाज लागतो, म्हणून ज्याच्या घरी जेवण तो स्वयंपाकघरातच ओततो. आणि चिठ्ठ्या लिहून होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. हा नियम मला ग्लासइतकाच महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे वडीलधाऱ्याने ‘वा, छान आहे’ म्हटलं की बाकीचे माना डोलावतात. शेजारचे काका आमच्यात सगळ्यात अनुभवी. नारायणगावच्या शामराव चौगुल्यांच्या इंडाज कंपनीची फेसाळ वाइन त्यांनी ऐंशीच्या दशकात प्यायलेली आहे आणि तिच्याबद्दल ते फार प्रेमाने बोलतात. पण त्यांचं मत शेवटी ऐकायचं ठरल्यापासून नव्या मंडळींच्या चिठ्ठ्या एकदम जिवंत झाल्या.

या शांततेतून एक सुंदर गोष्ट हाती लागली. शिराझ द्राक्षाच्या वाइनला काळ्या मिरीचा वास येतो. तो भास नाही. रोटुंडोन नावाचं जे द्रव्य मिऱ्यात असतं तेच या वाइनमध्ये असतं, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली दाखवलं. त्याच तपासणीत साधारण पाचातल्या एकाला हा वास कितीही वाढवला तरी येत नव्हता. आमच्यातल्या एका वहिनींच्या चिठ्ठीवर मिरी कधीच नसते, जांभूळ असतं. नाशिकच्या सुला कंपनीची दिंडोरी रिझर्व्ह शिराझ असो की दुसरी कुठली. बाकीचे मिरी-मिरी करत असताना त्या ठाम राहिल्या, आणि बहुधा त्यांच्या नाकापुरतं त्यांचंच खरं आहे. वाइनबद्दल दोन माणसांचं पटत नाही तेव्हा एक जाणकार आणि दुसरा अडाणी असतो, असं मी आता मानत नाही.

आमच्या पद्धतीतला सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे दोन फेऱ्या. पहिली जेवणाआधी, फक्त साधं पाणी आणि भाकरीचा तुकडा घेऊन. चिठ्ठ्या झाल्या की पानं वाढायची, आणि त्याच दोन वाइनची दुसरी फेरी जेवताना. दोन्हींतली कोणती वर, हा क्रम वारंवार बदलतो, आणि बदलण्यामागची कारणं पक्की आहेत. तिखटामुळे अल्कोहोलचा चटका आणि तुरटपणा दोन्ही वाढतात. मीठ तुरटपणा कमी करतं. आंबट पदार्थापुढे कमी आंबट वाइन सपक होते, गोड पदार्थापुढे कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, वाइन आंबट लागते.

ग्रोव्हर कंपनीची ला रिझर्व्ह, म्हणजे काबेर्ने आणि शिराझ या द्राक्षांच्या तांबड्या वाइनचं मिश्रण, जेवणाआधी जवळपास सगळ्यांनी वर ठेवली होती. तिच्याशेजारी फ्रटेली कंपनीची सांजोवेझे द्राक्षाची तांबडी वाइन होती, आपल्या अकलूजची. ती हलकी, थोडी आंबटसर, पहिल्या घोटाला तितकीशी मनात भरत नाही. मग पानात भरली वांगी आली, दाण्याचं कूट, चिंच-गूळ आणि वर तेलाचा तवंग असलेली. ला रिझर्व्ह चिंचेपुढे जड आणि कडवट झाली. सांजोवेझेचा आंबटपणा चिंचेला पुरून उरला आणि तेलाला कापत गेला. त्या रात्री ती बाटली आधी संपली. त्याच ला रिझर्व्हला पुन्हा मटणाबरोबर ठेवलं, तिखट बेताचं आणि चरबी चांगली होती, तेव्हा ती पहिल्यापेक्षा मऊ लागली.

माशाबरोबर तांबडी वाइन मला आता अजिबात नको. सुरमईच्या तुकडीवर तिचा घोट घेतला की तोंडात धातूसारखी चव येते आणि मासा शिळा वाटतो. वाइनमधल्या लोहामुळे असं होतं, मासा ताजा असला तरी. शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन तिथे हवी. नाशिकची शेनिन पेरूच्या वासाची, किंचित गोडसर असते. तिखटाला ती गोडी शमवते, आणि तळणीला तिचा आंबटपणा पुरतो. कोथिंबीर वडीसोबत मात्र सोव्हिन्यों ब्लाँ तिच्यापेक्षा सरस, कारण तिच्यातच ढोबळ्या मिरचीसारखा हिरवा वास असतो. या दोन्ही पांढऱ्या वाइन आपल्या रोजच्या स्वयंपाकाला इतक्या जवळच्या आहेत, आणि तरी पाहुण्यांसाठी बाटली घ्यायची म्हटली की बहुतेक जण तांबडीच उचलतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं. आपल्याकडचा द्राक्ष बागायतदार एप्रिलात खरड छाटणी करतो, पावसाळा सरताना फळछाटणी करतो, आणि थंडीत द्राक्षं पिकवून जानेवारी ते मार्चमध्ये तोडतो. युरोपच्या अगदी उलट वेळापत्रक सांभाळून त्याने केलेली ही वाइन आपण आपल्याच पानाशेजारी ठेवून तरी पाहायला हवी.

तापमानाकडे दुर्लक्ष करू नका. तांबडी वाइन ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी हा सल्ला थंड प्रदेशातल्या घरांचा आहे. तिला १६ ते १८ अंश हवेत. एप्रिल-मेमध्ये पुण्यातल्या खोलीत रात्री नऊलाही तिशीच्या आसपास असतं, आणि त्या उष्म्यात अल्कोहोलच नाकात जातं. अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा. पांढरी मात्र वाढायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी बाहेर काढा, नाहीतर तिचा वास थंडीत दबून राहतो. एकाच वाइनचे दोन तापमानांचे ग्लास कुणाला न सांगता दिले, तर दोन वेगळ्या बाटल्या समजून चिठ्ठ्या आल्या. हा प्रयोग जरूर करून पाहा.

आता ग्लासमधल्या उणिवा. दांडी बारीक आहे. घासताना पेला एका हातात आणि तळ दुसऱ्या हातात धरून पिळलं की तुटतेच, आमचा एक तसाच गेला. पेलाच धरून पुसा. टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडतात, कारण ते पाणी जड. बाणेरला शेवटचं विसळणं पिण्याच्या पाण्याने करावं लागतं. साबणाचा वास राहिला तर सगळी मेहनत वाया जाते, म्हणून गरम पाणी आणि अगदी थोडा साबण. फेसाळ वाइनसाठी उंच अरुंद ग्लासात बुडबुडे जास्त वेळ टिकतात, तो आनंद इथे नाही. आणि चाखून झाल्यावर निवांत प्यायला बसायचं असेल तर हा ग्लास लहान वाटतो. काका तेव्हा सरळ आपला मोठा ग्लास काढतात.

गोडाची फेरी आम्ही उन्हाळ्यात सुरू केली. श्रीखंडाबरोबर ब्रूट ही कोरडी फेसाळ वाइन चक्क लिंबासारखी लागली, सुलाची लेट हार्वेस्ट, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची, शेनिन मात्र जमली, कारण तिच्यात गोडी आणि आंबटपणा दोन्ही आहेत. पुरणपोळीसोबत ती मला थोडी कमी पडते; जायफळाचा वास वाइनला दाबून टाकतो आणि तुपाची पोळी एकटीच पुरेशी असते. यावर आमच्यात एकमत नाही. गणपतीत उकडीच्या मोदकांवर तीच वाइन ठेवून पाहायचं ठरलं आहे, दोन्ही डब्यांतले ग्लास घासून ठेवले आहेत.